नामवंत कॉलेजचा शिक्का आणि आपल्या घरचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की आमच्या वस्त्यांमध्ये अलीकडे एक नवा प्रश्न ऐकू येतो. पोराला किंवा पोरीला पुढे एमबीए करायचे आहे; मग पदवीसाठी मोठ्या नावाचे महागडे कॉलेज घ्यावे का, कर्ज काढूनसुद्धा? वरवर हा फीचा प्रश्न आहे. मुळात तो इतिहासाचा प्रश्न आहे.

ज्या कॉलेजच्या नावाला वजन आहे, ते वजन आले कोठून? मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. एल्फिन्स्टनसारख्या कॉलेजांत पिढ्यान् पिढ्या शिकला तो मुख्यतः उच्चवर्णीय आणि धनिक वर्ग. तीच मुले न्यायाधीश, वकील, अधिकारी झाली आणि त्यांच्या पदांमुळे कॉलेजचे नाव मोठे झाले. म्हणजे प्रतिष्ठा ही केवळ चांगल्या अध्यापनातून येत नाही. आत बसलेल्यांच्या जातीची आणि वर्गाची ती साठलेली ठेव असते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यालाच सांस्कृतिक आणि सामाजिक भांडवल म्हणतो.

यावर कुणी म्हणेल, बाबासाहेब तर एल्फिन्स्टन, कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्येच शिकले! अगदी बरोबर. पण पैसा कोणत्या टप्प्यावर कुठून आला, हे आपण तपासतो का? एल्फिन्स्टन कॉलेजात असताना सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ते बी.ए. झाले. १९१३ साली कोलंबियाला गेले तेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर. तिची किंमत होतीच. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१७ साली तो पाळायला ते बडोद्याला गेले, तर कोलंबियाच्या पदवीधराला त्या शहरात राहायला घर मिळाले नाही.

१९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज म्हणजे आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी संस्था. तिथे काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावर हरकत घेतली. नामवंत विद्यापीठाने खुर्ची मिळवून दिली, पाणी नाही. नावाची ताकद आणि नावाची मर्यादा, दोन्ही या एका प्रसंगात दिसतात.

पुढचा भाग आपल्या प्रश्नासाठी सर्वांत महत्त्वाचा. याच पगारातून बाबासाहेबांनी बचत केली, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने पैसे घेतले आणि १९२० साली लंडन गाठले. म्हणजे सुरुवातीचे टप्पे शिष्यवृत्तीवर झाले. उसनवारी केली ती शेवटच्या टप्प्यासाठी, तीही पदव्या आणि नोकरीचा अनुभव हाती असताना.

स्वतः संस्था उभारताना त्यांनी हेच सूत्र समाजासाठी वापरले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सकाळच्या वर्गांमुळे दिवसा नोकरी करणाऱ्या कारकुनालाही पदवी घेता आली. १९५० साली औरंगाबादेत कॉलेज निघाले, १९५३ साली सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय आले. त्याआधी, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली होती. पदवी स्वस्त असली पाहिजे, हा त्यांचा कार्यक्रमच होता.

आता एमबीएकडे येऊ. अहमदाबाद आणि कलकत्त्याच्या आयआयएम १९६१ साली निघाल्या. धम्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो १९९० साली. त्याआधी स्वतःला बौद्ध लिहिणाऱ्याला अशा केंद्रीय संस्थांत राखीव जागेवर हक्क सांगता येत नव्हता. म्हणजे या स्पर्धेत आपण उशिरा उतरलो आहोत. म्हणूनच तिचे नियम नीट वाचले पाहिजेत.

कॅट देण्यासाठी कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. अनुसूचित जाती-जमातींसाठी किमान ४५ टक्के गुणांची अट आहे. अहमदाबादच्या आयआयएमच्या निवडसूत्रात कॅटबरोबर दहावी, बारावी आणि पदवीचे गुण मोजले जातात. कॉलेजच्या नावाला त्यात गुण नाहीत! दुसरीकडे, जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे गेली आहे. घराची कर्ज काढण्याची ताकद पदवीलाच संपवली, तर खऱ्या खर्चाच्या वेळी हातात काय उरणार?

मग नावाचा काहीच उपयोग नाही का? आहे. ओळखी, इंग्रजी बोलण्याचा सराव, मुलाखतीतला आत्मविश्वास हे सारे नामवंत कॉलेजात सहज मिळते. पण नाव आणि महागाई एकच नव्हेत, हे आपण विसरतो. महाराष्ट्रात जुने नाव असलेली अनेक कॉलेजे सरकारी किंवा अनुदानित आहेत आणि त्यांची फी नव्या खासगी विद्यापीठांपेक्षा खूपच कमी आहे. तिथे जागा मिळत असेल तर जरूर घ्यावी, आपला हक्क सोडू नये. शिष्यवृत्ती लागू आहे का, वसतिगृह किंवा स्वाधार योजनेचा आधार मिळेल का, हे प्रवेशाआधी विचारावे. नाही मिळाली तर गावाजवळचे साधे कॉलेज घ्यावे, गुण भक्कम ठेवावेत आणि उरलेला पैसा इंग्रजी, गणित आणि कॅटच्या तयारीवर लावावा.

जाहिरातीतल्या चकचकीत इमारतीसाठी आईचे दागिने गहाण पडत असतील, तर ते शिक्षण नव्हे, दुसऱ्याच्या प्रतिष्ठेचे भाडे आहे. आणि ओळखींचे भांडवल फक्त त्यांच्याच कॉलेजात मिळते असे थोडेच आहे? आपल्यातले जे एमबीए होऊन कंपन्यांत पोहोचले, त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या मुलांच्या मुलाखतीच्या तयारीला द्यावा. सिद्धार्थ कॉलेजच्या सकाळच्या वर्गांचे ऋण असेच फिटेल.

जय भीम!