आधी शिक्षिका, मग कॉलेज

अमेरिकेतल्या सोरॉरिटीचा, म्हणजे विद्यार्थिनींच्या भगिनीमंडळाचा, इतिहास बहुधा एखाद्या कॉलेजच्या आवारात सुरू होतो. सिग्मा गामा ऱ्हो हा अपवाद. कू क्लक्स क्लॅन या गौरवर्णवर्चस्ववादी संघटनेचा इंडियाना राज्यात जोर असताना, 12 नोव्हेंबर 1922 रोजी, इंडियानापोलिसमधल्या सात कृष्णवर्णीय शिक्षिकांनी ती स्थापन केली. बटलर विद्यापीठातल्या शाखेला सनद मिळून ती राष्ट्रीय कॉलेज-सोरॉरिटी ठरली ती मात्र 30 डिसेंबर 1929 रोजी. सभासद कोणाला करायचं आणि पाठीशी कॉलेज कोणतं, हे प्रश्न वेगळे वाटतात; या सात वर्षांकडे पाहिलं की ते एकच आहेत हे कळतं.

मैत्रीला कॉलेजचा शिक्का कशाला हवा, असं कोणी म्हणेल. मैत्रीला नकोच, पण ओळखीपाळखीने वाढणारं मंडळ त्याच पिढीबरोबर म्हातारं होतं. कॉलेज दरवर्षी नव्या मुली आणतं. अर्थात ते चार वर्षांत त्यांना घेऊनही जातं, आणि उरलेल्यांच्या हाती सगळंच येतं. हॉवर्ड विद्यापीठात 1908 साली निघालेल्या अल्फा कप्पा अल्फा या कृष्णवर्णीय सोरॉरिटीतल्या बावीस विद्यार्थिनींनी जानेवारी 1913 मध्ये डेल्टा सिग्मा थीटा ही नवी संघटना काढली. त्याच महिन्यात, माजी विद्यार्थिनी नेली क्वांडर यांच्या पुढाकाराने, जुनीची कायदेशीर नोंदणी झाली. नाव आणि नियम पुढच्या तुकडीच्या मर्जीवर राहू नयेत, एवढाच त्यातला व्यवहार.

एका कॉलेजवर विसंबणंही धोक्याचंच. इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात 1867 साली बारा मुलींनी काढलेलं मंडळ पुढे पाय बीटा फाय झालं. कॉलेजने गुप्त मंडळांवर बंदी आणली आणि 1884 साली मूळ शाखा मिटली. संघटना तगली, कारण तोवर इतरत्र शाखा होत्या.

खरा जड आक्षेप वेगळाच आहे: कॉलेजशी नातं जोडलं की कॉलेजचा भेदभावही दारात येतो. बटलरने 1927 साली कृष्णवर्णीयांच्या प्रवेशावर मर्यादा घातली होती; म्हणजे सनद आली तेव्हा सभासद निवडण्याआधीची पहिली चाळणी विद्यापीठाच्याच हातात होती. शिक्षिकांना हे दिसत नसेल, असं मानणं भोळेपणाचं. तरीही ते नातं त्यांच्या कामाचं होतं, कारण कॉलेज हेच एकमेव दार नव्हतं. कृष्णवर्णीय सोरॉरिट्यांनी पदवीधर स्त्रियांच्या शाखा बळकट ठेवल्या आणि त्यांतून शिक्षण संपल्यावरही थेट सभासद होता येतं. गोऱ्या सोरॉरिट्यांत ती संधी बहुधा विद्यार्थिदशेतच संपते.