शकुंतलेत ९९९९ खेळ

साल १९९६. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आहेत. तू सातवीत आहेस आणि यवतमाळच्या स्टेशनात शकुंतलेच्या डब्यात खिडकी धरून बसला आहेस. मांडीवर मामानं बाजारातून घेऊन दिलेला राखाडी प्लास्टिकचा व्हिडिओ गेम. त्यावर कंपनीचं नाव नाही. खोक्यावर मात्र ठळक छापलंय: ९९९९ इन १.

गाडी हलते. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं हिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये गेलं, डिझेल आलं. तरी मूर्तिजापूरपर्यंतचे ११३ किलोमीटर ती आपल्याच मर्जीनं कापते. फाटक आलं की थांबते. गार्ड उतरून फाटक लावतो, गाडी पलीकडे गेली की उघडून परत चढतो. तुझ्याकडे वेळच वेळ आहे. मूर्तिजापूर यायच्या आत सगळे खेळ बघून टाकायचे, असं तू ठरवतोस.

पेन्सिल सेल घालतोस, बटण दाबतोस आणि अशी कर्कश धून वाजते की शेजारची आजी दचकते. "बंद कर ना बाबू थे किरकिर!" आवाजाचं बटण घाईघाईनं सापडतं.

पडद्यावर चौकोनांनी काढलेला ए. मोठं पिवळं बटण दाबलं की बी, मग सी. अक्षराखाली त्या त्या खेळाचा नमुना हलत राहतो. रणगाडे. शर्यतीची गाडी, ती जागची पुढे जात नाही, रस्ताच खाली सरकतो. मग साप. बेडूक तर निव्वळ एक लुकलुकता चौकोन, त्याला बेडूक म्हणायचं ते आपल्या भरवशावर. आणि वरून पडणाऱ्या विटा. पडद्याला दिवा नाही, म्हणून तू उन्हाकडे तिरका धरून खेळतोस. बाहेर वेचणीला आलेली पऱ्हाटी सरकते, पण तुला ती दिसत नाही.

समोरचं पोट्टं कधीचं वाकून बघतंय. "मले एक डाव दे ना बे."

"थांब, हा होऊ दे."

दारव्हा मोतीबाग येतं तरी तुझा डाव काही संपत नाही. शेवटी देतोस. तो खेळत नाही, नुसती अक्षरं पुढे ढकलतो आणि म्हणतो, "हे तं थेच हाय!"

खरंच. पुढच्या एका अक्षरावर तीच शर्यत परत आलेली असते. आकडा वाढवला की तेच रणगाडे, नुसता वेग वेगळा. खरे वेगळे खेळ डझनभर असतील. बाकीचे हजारो म्हणजे खोक्यावर वाढवून छापलेला हिशेब.

राग येतो. पण यंत्र बंद करून पडदा तिरका धर. पुसट चौकोन दिसतील: दहा आडवे, वीस उभे, एकूण २००. प्रत्येक चौकोन एक तर काळा नाही तर कोरा, तिसरी गत नाही. एवढ्यातच साप, बेडूक, रणगाडा, सगळं बसवायचं. विटांचा खेळ अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचला, तेव्हा त्यांच्या इलेक्ट्रॉनिका-६० संगणकावर चित्र काढायचीही सोय नव्हती. त्यांनी कंसांचे चौकोन केले. चार-चार चौकोनांचे सातच आकार. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला. तुझ्या खोक्यावर पाजितनोव यांचं नाव कुठंच नाही, आणि ती लबाडी मला ९९९९ पेक्षा मोठी वाटते.

कारंजा मागे पडतं. पडदा फिका होतो. सेल काढून उन्हात ठेवतोस, परत घालतोस. खेळ सुरू होतो, पण सर्वोच्च गुणांच्या जागी शून्य. सेल निघाले की हे यंत्र सगळं विसरतं.

असा एखादा गेम आज माळ्यावर सापडला, तर आधी सेलची खोबण उघडून बघ. जुने सेल आतच राहिले असतील तर गळून पत्र्या गंजल्या असतील. त्या घासून नवे सेल घाल, आणि अक्षरं चाळत न बसता थेट विटांवर जा. मामाचे पैसे त्या एकाच खेळात वसूल झाले होते.