कुत्र्याचा कबुलीजबाब

महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाच्या मागोमाग गेलेला श्वान हा प्रत्यक्ष धर्म होता, असे महाभारत सांगते. आपल्या दारचा मोती मात्र कुत्राच आहे, आणि ही साधी गोष्ट माणसाला सहसा मानवत नाही. तो शेपूट हलवितो तेव्हा आपण त्याला कृतज्ञ म्हणतो. जेवला नाही तर रुसला म्हणतो. बाहेरून यावे तो चप्पल कुरतडलेली आणि मोती कान पाडून, नजर चुकवीत कोपऱ्यात बसलेला, असे दिसले की स्वारीला आपला अपराध ठाऊक आहे अशी आपली खात्री होते. खात्री झाली की हातही उगारला जातो. या खात्रीला शास्त्रात प्रतिष्ठा कशी मिळाली आणि पुढे ती कशी गेली, हा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

डार्विनचा मनुष्याच्या उत्पत्तीवरील ग्रंथ 1871 साली प्रसिद्ध झाला. मनुष्य व पशू यांच्या मनांतील भेद प्रकाराचा नसून केवळ प्रमाणाचा आहे, हे त्याला दाखवावयाचे होते. तेव्हा मानवी मनाची बीजे पशूंत शोधणे ओघानेच आले. हिरवळीवर उघडी पडलेली एक छत्री वाऱ्याने हलली की त्याचा कुत्रा भुंके. जवळ कोणी नसताना ती हलते, त्या अर्थी कोणी अनोळखी जीव तेथे असला पाहिजे, असा तर्क कुत्र्याने नकळत केला असावा, असे डार्विनने लिहिले. एवढेच नव्हे, तर भुताखेतांवरील माणसाच्या विश्वासाशी त्याने त्याचा संबंध जोडला! पण हाच डार्विन दुसऱ्या एका ठिकाणी फार सावध आहे. फिरावयास निघाल्यावर तो वाटेतील काचघराकडे वळला, की फिरणे पुढे चालू राहील की नाही हे न कळून त्याच्या कुत्र्याचे तोंड एकदम उतरत असे. घरच्यांनी त्या चेहऱ्याला 'काचघराचा चेहरा' असे नावच दिले होते. तथापि धन्याचे मन द्रवावे म्हणून कुत्रा तसा चेहरा करीत असेल, असे मानता येत नाही, हे डार्विनने 1872 सालच्या ग्रंथात स्पष्टपणे नोंदविले आहे.

त्याच्या तरुण स्नेह्याला, जॉर्ज रोमेनिसला, ही सावधगिरी पेलली नाही. 1882 सालच्या आपल्या ग्रंथात त्याने पशूंच्या बुद्धीच्या कथा ठिकठिकाणांहून गोळा केल्या. त्यांत एका टेरियर कुत्र्याची कथा आहे. भुकेपोटी त्याने मेजावरील मांसाचा तुकडा पळविला आणि तो घेऊन तो कोचाखाली शिरला. धन्याने पाहूनही न पाहिल्यासारखे केले. काही मिनिटांनी कुत्रा बाहेर आला, तुकडा धन्याच्या पायाशी ठेवून पुन्हा आत गेला, आणि गोंजारले तरी तोंड फिरवू लागला. सदसद्विवेकाने भुकेवर विजय मिळविला, असा निर्णय झाला. साक्षीदार, वकील व न्यायाधीश या तिन्ही भूमिका धन्याच्याच! इकडे आपल्या देशात 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध ग्राह्य धरू नये, असे ठरवून टाकले होते. ज्याच्या हाती दंडा आहे त्याच्यापुढे माणूस काय कबूल करील याचा नेम नसतो. कुत्र्याला ही सवलत नव्हती.

ती मिळवून देण्याचे श्रेय रोमेनिसचाच मित्र लॉइड मॉर्गन याला दिले पाहिजे. ब्रिस्टल येथे अध्यापक असलेल्या या गृहस्थाजवळ टोनी नावाचा कुत्रा होता. फाटकाच्या गजांतून डोके घालून तो कडी वर उचली आणि फाटक उघडून रस्त्यावर जाई. एखाद्या पाहुण्याने हे पाहिले असते, तर कडीचे तंत्र कुत्र्याने ओळखले, असेच तो म्हणाला असता. परंतु मॉर्गनने आरंभापासून पाहिले होते. रस्ता पाहण्याच्या हौसेने टोनी कुठल्याही दोन गजांमध्ये डोके घाली. एकदा ते योगायोगाने कडीखाली आले, कडी उचलली गेली, फाटक उघडले. त्यानंतरही नेमक्या जागी डोके घालावयास त्याला जवळजवळ तीन आठवडे लागले. पशूची कृती साध्या मनोव्यापाराने उलगडत असेल, तर तिच्यासाठी वरच्या दर्जाचा मनोव्यापार कल्पू नये, हा मॉर्गनचा नियम 1894 साली प्रसिद्ध झाला. कुत्र्याला मन नाही, असे मात्र त्याने कधीच म्हटले नाही.

अपराधी चेहऱ्याची रीतसर चौकशी व्हावयास पुढे शंभरावर वर्षे जावी लागली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 पाळीव कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊला तोंड लावू नको, असे बजावून धनी खोलीबाहेर जाई. त्याच्या माघारी कुत्र्याला कधी खाऊ दिले जाई, कधी खाऊ उचलून ठेवला जाई. आणि धन्याला कधी खरे, कधी खोटे सांगितले जाई. निष्कर्ष असा निघाला, की अपराधी मुद्रेचा अपराधाशी काही संबंध नव्हता. संबंध होता तो धन्याच्या रागावण्याशी. आज्ञा पाळूनही ज्यांना बोलणी बसली, त्या निरपराध कुत्र्यांच्या ठिकाणी ती मुद्रा सर्वांत ठळक दिसली.

कान पाडणे, अंग चोरणे, नजर वळविणे हा बलवत्तरापुढे नमते घेण्याचा कुत्र्यांचा जातिस्वभाव आहे. सकाळी कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी मार बसला, तर चप्पल व मार यांची सांगड त्याला घालता येत नाही. धन्याचे घरी येणे व मार यांची सांगड मात्र त्याला चांगली घालता येते. मग दुसऱ्या दिवशी पावलांचा आवाज ऐकताच तो कान पाडून कोपरा गाठतो, आणि दार उघडणारा धनी चपला मोजू लागतो.