मॉरिस ग्रेव्ह्ज: फुले रंगवणारा, शस्त्र नाकारणारा चित्रकार

मॉरिस ग्रेव्ह्ज (१९१०-२००१) हे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जन्मलेले चित्रकार. शाळा अर्धवट सोडून १९२८ ते १९३१ या काळात त्यांनी खलाशी म्हणून आशियाच्या सफरी केल्या. जपानचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. पुढे सिएटलमध्ये त्यांनी झेन बौद्ध विचार अभ्यासला.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनामुळे त्यांचे नाव झाले. त्याच वर्षी सक्तीची लष्करी सेवा नाकारल्याने त्यांना लष्करी तळावर डांबले गेले. १९४३ मध्ये सुटका झाली.

उतारवयात कॅलिफोर्नियातील लोलेटा येथे तळ्याकाठी राहून त्यांनी मोजक्या फुलांची साधी स्थिरचित्रे रंगवली. फुलाप्रमाणे शरीरही कोमेजते, असे आपण पुष्पपूजेत म्हणतो. ही चित्रे पाहताना आम्हाला ती गाथा आठवते, आणि त्यांनी शस्त्राला दिलेला नकारही.