'ओफीर' आणि सोपारा : एका नामसाम्याची चिकित्सा

'ओफीर' हा इंग्रजीतील विरळ शब्द होय. मुळात ते बायबलमधील एका देशाचे नाव. लक्षणेने त्याचा अर्थ 'सुवर्णभूमी' असा झाला. १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोने सापडले, तेव्हा तेथील एका ठिकाणास हेच नाव मिळाले. शलमोन राजाची जहाजे या देशातून विपुल सोने घेऊन परतल्याची कथा बायबलात आहे. हा देश म्हणजेच आजच्या नालासोपाऱ्याजवळील प्राचीन शूर्पारक, असे मत काही अभ्यासकांनी मांडले.

या मताचा मुख्य आधार ग्रीक भाषांतर हा आहे. त्यात शलमोनाच्या कथेतील नाव 'सोफिरा' अशा सकारयुक्त रूपात येते, आणि पहिल्या शतकातील योसेफस हा देश भारतात असल्याचे सांगतो. तथापि मूळ हिब्रू रूपात आरंभी सकार नाही. तेल कसीले येथे सापडलेल्या, इ. स. पू. ८ व्या शतकातील खापरावरील लेखातही तो नाही. इतकेच नव्हे, तर त्याच ग्रीक भाषांतराच्या उत्पत्तिग्रंथात हे नाव सकाराविना येते, आणि तेथे त्याची गणना अरबस्तानाशी निगडित नावांत होते. तेव्हा ज्या वर्णावर सोपाऱ्याचा दावा उभा आहे, तो मूळ नावाचाच आहे असे मानण्यास आधार उरत नाही.

उलट सोपाऱ्याच्या नावाचा वंश सुस्पष्ट आहे. संस्कृत शूर्पारक, पाली सुप्पारक, लेण्यांच्या शिलालेखांतील सोपारक आणि मराठी सोपारा हा क्रम ध्वनिनियमांस धरून आहे : 'र्प' या जोडाक्षराचा 'प्प' झाला, पुढे द्वित्व लोपले आणि अंत्य 'अक'चा 'आ' झाला. ग्रीक नाविकांनीही पहिल्या शतकात हे नाव 'सुप्पारा' असेच ऐकले. सकार या सर्व रूपांत अखंड आहे.

१८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथे स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडाही येथे मिळाला. शलमोनाचा काळ त्याहून सुमारे सातशे वर्षे मागे जातो. ध्वनिसाम्य हे शोधाचे निमित्त होऊ शकते, प्रमाण नव्हे. सोपाऱ्याचे महत्त्व परक्या सुवर्णकथेवर नव्हे, तर स्वतःच्या शिलांवर उभे आहे.