तेरा काकिणी आणि घाईतला वाटसरू

एक वाटसरू वाण्याच्या दुकानापाशी थांबला आहे. सोबती पुढे निघून गेले आहेत, त्याला चार घास खाऊन त्यांना गाठायचे आहे, आणि हातात आहेत अवघ्या तेरा काकिणी. भाव असा आहे: एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ, आणि तेवढ्याच पैशात आठ मापे मूग. त्याला दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग हवे आहेत. वाण्याने किती मोजून द्यावे?

हा प्रश्न भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तला आहे. (हे प्रमाण खिचडीचे आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.) आजचा धागा या खरेदीविषयी आणि तिच्या आडून शिकवल्या जाणाऱ्या बीजगणिताविषयी.

शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धांतशिरोमणी' रचला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. लीलावतीचे लग्न आणि घटिकापात्रात पडलेला मोती ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण ती आली अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून, मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. त्या एका मोत्यामागे ग्रंथातला सगळा बाजार झाकला गेला, याची मला खंत वाटते.

कारण 'लीलावती' आरंभीच नाणी आणि मापे सांगते. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. म्हणजे द्रम्मात चौसष्ट काकिणी. आपल्या वाटसरूजवळ एका द्रम्माचे तेरा चौसष्टांश आहेत, आणि तो दुकानदाराला घाई करतो आहे.

या उदाहरणातली खरी मेख भाव सांगण्याच्या रीतीत आहे. आज आपण 'किलोला इतके रुपये' म्हणतो. तेव्हा 'द्रम्माला इतकी मापे' म्हणत. आपल्याकडची वयस्क मंडळीही 'रुपयाला इतके शेर' असेच सांगत. या रीतीत महागाई वाढली की आकडा चढत नाही, उतरतो. म्हणून किंमत काढायची तर भाव आधी उलटा करावा लागतो, आणि नवशिका विद्यार्थी अडखळतो तो नेमका इथेच.

'लीलावती'त हे गणित अक्षरांवाचून, प्रमाणाच्या नियमाने सुटते. आता तेच बीजाच्या रीतीने मांडून पाहा. अज्ञात राशीला भास्कराचार्य 'यावत्-तावत्' म्हणतात आणि लिहिताना नुसते 'या'. मूग एक या, तर तांदूळ दोन या. दोन या तांदळाची किंमत चार सप्तमांश या, एक या मुगाची एक अष्टमांश या. बेरीज ३९/५६ या. ही बेरीज १३/६४ द्रम्माइतकी. म्हणून या = ७/२४. मूग ७/२४ माप, तांदूळ त्याच्या दुप्पट, ७/१२ माप. पडताळा घ्यायचा तर तांदळाचे दहा पूर्णांक दोन तृतीयांश काकिणी आणि मुगाचे दोन पूर्णांक एक तृतीयांश काकिणी होतात. बरोबर तेरा.

'बीजगणिता'त एक सोपे उदाहरण आहे, आणि मला ते अध्यापनाच्या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. एकाजवळ रोख तीनशे आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर शंभराचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे, तर घोड्याची किंमत किती? मांडणीत दोन ओळी एकाखाली एक येतात: 'या ६ रू ३००' आणि 'या १० रू १००'. खालच्या शंभरावर एक टिंब असते, आणि ते टिंब म्हणजे ऋण. चार घोडे चारशेंना पडतात. एक घोडा शंभरचा.

शून्याहून लहान संख्या म्हणजे काय, हे समजावताना आजही शिक्षकांची दमछाक होते. इथे विद्यार्थ्याला काहीच समजवावे लागत नाही. कर्ज कोणाला कळत नाही? 'धन' आणि 'ऋण' ही नावे मुळात पैशाच्या व्यवहारातलीच आहेत.

मात्र बाजार सोडला की हेच ऋण अडते. त्याच ग्रंथात वानरांच्या कळपाचे उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढे वानर गुहेत गेले, आणि एक फांदीवर दिसतो आहे. समीकरणाला पन्नास आणि पाच अशी दोन उत्तरे येतात. पाच हे उत्तर भास्कराचार्य स्वीकारत नाहीत, कारण पाचाच्या पंचमांशातून तीन गेले की उणे दोन वानर उरतात, आणि असे लोकांना पटत नाही. सावकाराच्या वहीत जी संख्या निमूट बसते, ती झाडावर बसू शकत नाही.

ही उदाहरणे वाण्याच्या मुलांसाठी होती, असा समज करून घेऊ नये. वाण्याचा मुलगा पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ करून हिशेब शिकत असे. त्याला संस्कृत श्लोकांची गरज नव्हती. 'लीलावती'च्या विद्यार्थ्याला पुढे ग्रहणे आणि ग्रहगती काढायच्या होत्या. बाजार ही त्याची पहिली पायरी, कारण तिथला व्यवहार त्याने पाहिलेला असे आणि लक्ष गणितावर राहत असे. शिवाय अक्षरे म्हणजे बीज नव्हे, बुद्धी हेच बीज, असे खुद्द भास्कराचार्यांचेच म्हणणे आहे.

आता जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण्याला येऊ. येथील शके ११२८ चा शिलालेख १८६५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्याने इथे मठ स्थापला, आणि निकुंभवंशीय सोइदेवाने त्या मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण मठाचा खर्च कसा चालावा हे सांगायची वेळ येते, तेव्हा भाषा मराठी होते. पाटणात विक्रीला येणाऱ्या मालावर राजाला ग्राहकाकडून जो कर मिळत होता, तो मठाला दिला आहे. तेलाच्या घाण्यांवरही मठाचा वाटा लावला आहे. आणि या गावात जे काही मापायचे ते मठाच्याच मापाने मापावे, असे स्पष्ट बजावले आहे. मापणावळीचा अर्धा भाग मठाला आणि अर्धा मापाऱ्याला.