सोळा पायऱ्या आणि आपण सुरतकर

घरपट्टी भरायला किंवा जन्माचा दाखला काढायला आपण मुगलीसऱ्यात महापालिकेच्या मुख्य कचेरीत जातो. रांगेत उभे असताना त्या जुन्या इमारतीकडे मान वर करून पाहायला कोणाला सवड नसते. पण ती कचेरी म्हणून बांधलेलीच नव्हती. शाहजहानच्या अमदानीत, १६४४ साली, ती उभी राहिली सराई म्हणून. सुरत तेव्हा मक्केचा दरवाजा होती. मैलोन्मैल चालून आलेले यात्रेकरू इथे जहाजाची आणि वाऱ्याच्या हंगामाची वाट पाहत थांबत. थकलेल्या वाटसरूला पाठ टेकायला छप्पर हवे, एवढाच त्या बांधकामामागचा विचार. आपल्या शहराची ही ओळख आपण जवळजवळ विसरलो आहोत.

सुरतेच्या मराठी माणसाचा इतिहास सांगायचा तर आपण हमखास जानेवारी १६६४ पासून सुरुवात करतो. महाराज आले, पुन्हा १६७० मध्ये आले, आणि गेले. राहायला आले ते नंतरचे लोक. कोणी गायकवाडीत नोकरीला आले, तर कोणी १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे खानदेशात अंमळनेरपर्यंत पोहोचल्यावर गाडीत बसून आले. पण यंदाच्या अंकात आम्ही थोड्या दूरच्या नातेवाइकांची गोष्ट सांगणार आहोत. तीही गणपतीचीच गोष्ट आहे. फक्त ती समुद्रापलीकडे, मॉरिशसमध्ये घडली.

१८३५ मध्ये त्या बेटावरची गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेणे सुरू झाले होते. पुढच्या सुमारे नव्वद वर्षांत साडेचार लाखांवर माणसे तिथे उतरली. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबईहून गेलेली त्या मानाने थोडी, आणि त्यांत मोठा भरणा होता रत्नागिरीकडच्या कोकणी माणसांचा. सुरतेचे बंदर तोवर गाळाने आणि काळाने मागे पडले होते. मोठी जहाजे मुंबईहून सुटत.

या प्रवासाला भाडे पडत नसे. पण फुकटच्या तिकिटाइतके महाग तिकीट दुसरे नाही. भाडे मळेवाला भरी आणि ते माणसाच्या घामातून वसूल होई. पुरुषाला महिना ५ रुपये पगार, वर तांदूळ, डाळ, मीठ, थोडे तूप. एक दिवस कामावर गेला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. सुरुवातीच्या करारांत परतीचा प्रवासही फुकट होता. १८५० नंतरच्या काही वर्षांत तो हक्कही काढून घेतला गेला.

शिडाच्या जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत. डेकखालच्या अंधाऱ्या मजल्यावर एका चटईएवढी जागा, मोजून मिळणारे पाणी, सगळ्यांसाठी एकत्र शिजलेला भात. समुद्र ओलांडला की जात जाते, असे मानण्याचा तो काळ. गावी ज्यांच्या पंगती वेगळ्या होत्या ते इथे शेजारी बसून जेवले. काहींच्या नशिबी तर किनारा दिसूनही उतरणे नव्हते. १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलऱ्याचा संशय आला. प्रवाशांना गॅब्रिएल नावाच्या लहानशा बेटावर उतरवले गेले. तिथे पुरेसा निवारा नव्हता. जवळजवळ तीनशे माणसे तिथेच मेली.

जे सुखरूप पोहोचले ते पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरत. तिथे दगडी सोळा पायऱ्या आहेत. त्या चढून गेले की कारकुनाची खोली. नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, आणि मग एक नंबर. रामजी, सखाराम अशी पाळण्यातली नावे वहीत चढली आणि पुढे वंशजांची आडनावे झाली. एक-दोन दिवस त्या आवारात काढून माणसे मळ्यांवर वाटली जात. आज या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आता प्रश्न असा की एवढे सोसून ही माणसे तिथे रुजली कशी? मुगलीसऱ्यात जशी सराई होती तशी त्या पायऱ्यांपाशी नव्हती. सरकार नंबर देत होते, आधार देत नव्हते. तो आधार आधी आलेल्यांनी दिला. करार संपलेला जुना मजूर नव्याला भाषा शिकवी, कोणत्या मुकादमापासून जपावे ते सांगे. पुढे मळ्यांचे तुकडे विकायला निघाले, तेव्हा काहींनी पैसे साठवून थोडी थोडी जमीन घेतली आणि वस्त्या केल्या. वस्तीत एक झोपडी सगळ्यांची असे. तिचे नाव 'बैठका'. आपल्याला अर्थ सांगायला नकोच! दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे तिथे संध्याकाळी जमत. पोथी, भजन, मुलांची बाराखडी तिथेच होई.

या बैठकांचे मोल १९४८ च्या निवडणुकीत कळले. नव्या घटनेने मताचा हक्क जमीनजुमल्याऐवजी अक्षरओळखीवर दिला. बेटावरच्या एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता आली की पुरे. मतदार सुमारे १२,००० होते, ते ७०,००० च्या पुढे गेले. कंदिलाच्या उजेडात गिरवलेली अक्षरे अशी कामी आली.

तिथल्या मराठी घरांत आज रोजचे बोलणे क्रिओलमध्ये चालते. तरी चतुर्थीला मूर्ती बसते, आरती मराठीत होते, कोकणातली जाखडी 'झाकरी' म्हणून नाचली जाते आणि गणेश चतुर्थीला देशाला सार्वजनिक सुट्टी असते. १९६० मध्ये तिथल्या मराठी मंडळ्यांनी आपला महासंघही बांधला. बोली बरीच गेली, पण बैठक मोडली नाही.

हे लिहिताना आम्हाला आपलेच मंडळ दिसत होते. आपल्या घरांतून सांगितले जाते की आजोबा-पणजोबा सुरत स्टेशनवर उतरले तेव्हा हातात भाकरीचे गाठोडे होते आणि फलाटावर गावचा कोणीतरी उभा होता. त्यानेच खोली दाखवली, त्यानेच नोकरीचा शब्द टाकला. ते ऋण आपण फेडले का? आजही तापी लाइनच्या गाडीने, जनरल डब्यात उभ्याने रात्र काढून, खानदेशातली पोरे उधन्याला उतरतात. लिंबायत, पांडेसरा इथे एका खोलीत सात-आठ जण राहतात, लूमवर पाळ्या करतात. आपण त्यांना 'नवीन लोक' म्हणतो. वर्गणीच्या यादीत त्यांची नावे असतात, पण पुढच्या खुर्च्यांवर ती माणसे दिसत नाहीत. हे आम्ही दुसऱ्या कोणाबद्दल नाही, स्वतःबद्दल लिहीत आहोत.

प्रवासाचा शीण प्रवाशालाच सोसावा लागतो, त्याला इलाज नाही. पण उतरल्यावर परके वाटावे की घरचे, हे आधी पोहोचलेल्यांच्या हातात असते. या दहा दिवसांत मंडपात एक टेबल मांडता येईल. मुलाला महापालिकेच्या मराठी शाळेत कसे घालायचे, फॉर्म कसा भरायचा, भाड्याची खोली कुठे मिळेल, एवढे सांगायला दोन माणसे रोज संध्याकाळी बसली तरी खूप झाले. आरतीला उभे राहताना जरा सरकून शेजारच्याला पुढे बोलवावे. पूर्वी कोणीतरी आपल्यासाठीही असाच सरकला होता.

गणपती बाप्पा मोरया!